मशीन काढलं की कान वाजायला लागतात

पत्र असं आहे:

"मी ६१ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्ह्यातली. पन्नाशीनंतर ऐकू येणं कमी होत गेलं, शेवटी श्रवणयंत्राचाही उपयोग होईना. सात महिन्यांपूर्वी उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं, म्हणजे एक भाग ऑपरेशन करून आत आणि बाहेर कानामागे काढता-घालता येणारं मशीन. दिवसा छान चाललंय. नातवाशी बोलते, भाजीवालीशी घासाघीस करते. पण रात्री मशीन काढून डबीत ठेवलं की पाच मिनिटांत डोक्यात आवाज सुरू. आधी रातकिड्यांसारखा, मग कुकरची शिट्टी अडकून बसावी तसा. कधी कधी तर आमच्या शाळेतली प्रार्थना पेटीवर वाजतेय असं वाटतं. हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. दोन-दोन वाजेपर्यंत झोप नसते. गावातल्या डॉक्टरांनी बीटाहिस्टिनच्या गोळ्या दिल्यात, शेजारच्या वहिनींनी लसणाचं तेल. मुलगा म्हणतो, आई, लक्ष देऊ नकोस. सून मोबाइलवर वाचून म्हणाली, पंखा लावून झोपा, आवाज दबेल. पण मला पंखा ऐकूच येत नाही! ऑपरेशन फसलं का? हा आवाज मोजता येतो का? डाव्या कानातही इम्प्लांट बसवलं तर जाईल का?"

नमस्कार बाई,

शिक्षिका म्हटलं की माझ्या तोंडून 'बाई'च निघतं, तेव्हा तसंच लिहिते. तुमचं पंख्याचं वाक्य वाचून मी आधी हसले आणि मग गप्प झाले. कारण कान वाजण्यावरचे जेवढे म्हणून सल्ले मोबाइलवर सापडतात, ते सगळे ऐकू येणाऱ्या माणसासाठी लिहिलेले असतात. पंखा लावा, पावसाचा आवाज लावा, उशाशी रेडिओ मंद ठेवा. तुम्ही मशीन काढलं की पंखा, पाऊस, रेडिओ सगळं एकदम शून्य. तुमच्या घरातल्या कुणालाही अशी शांतता कधी मिळालेली नाही, त्यामुळे तिथे काय होतं हे त्यांना कळत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत उपायांची सुरुवातच वेगळ्या टोकाकडून करावी लागते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. ऑपरेशन फसलेलं नाही. दिवसा भाजीवालीशी भाव करता येतोय, हाच त्याचा पुरावा. मेथीची जुडी, बाजाराचा गलका आणि समोरच्या बाईचा 'नाय परवडत' हा सूर एवढं सगळं सात महिन्यांत पकडणं सोपं नसतं.

मग आवाज कुठून येतो? तुम्ही साताऱ्याकडच्या, म्हणजे घरी कधीतरी आकाशवाणी सांगली लागत असणार. जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागलं नाही की आपण आवाजाचं बटण पिळत जायचो. कार्यक्रम ऐकू यायचा नाहीच, पण खरखर मात्र घरभर व्हायची. मेंदूचं तसंच होतं. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की श्रवणनसेतून येणारा मजकूर आटतो. मेंदू आपलं बटण वाढवत राहतो, आणि त्याच्या स्वतःच्याच पेशींची एरवी कधी न जाणवणारी हालचाल 'आवाज' म्हणून ऐकू यायला लागते. हाच कर्णनाद. तो मनाचा खेळ नाही. त्याचा उगम कानातला असला, तरी तो चालू ठेवण्याचं बरंचसं काम डोक्यात होत असतं. म्हणून ठार बहिऱ्या माणसालाही तो येतो. किंबहुना इम्प्लांटसाठी येणाऱ्या बहुसंख्य लोकांना तो आधीपासूनच असतो. तुम्हाला ऑपरेशनच्या आधी होता की नाही हे पत्रात नाही. नीट आठवून बघा. पुष्कळांना तो असतो, पण ऐकू न येण्याच्या दुःखापुढे त्याची दखलच घेतलेली नसते.

इम्प्लांट त्या नसेला पुन्हा मजकूर पुरवतं. मेंदूला कार्यक्रम मिळाला की बटण पिळायची गरज उरत नाही. त्यामुळे इम्प्लांटनंतर बहुतेकांचा कर्णनाद कमी होतो, काहींचा तर जातोच. काहींचा आहे तसा राहतो. थोड्यांचा वाढतो किंवा नव्याने सुरू होतो, हेही खरं आहे आणि ऑपरेशनआधी ते स्पष्ट सांगायला हवं. बऱ्याच ठिकाणी सांगत नाहीत. मशीन काढल्यावर आवाज परत येतो त्याचंही कारण हेच: पुरवठा बंद पडला. कुणाला मशीन काढल्यावर तासभर शांतता मिळते, कुणाला तुमच्यासारखी पाचच मिनिटं. ही पाच मिनिटं लक्षात ठेवा, पुढे त्यांचा उपयोग आहे.

आता, सगळ्यात आधी आवाज कुठला आहे ते ठरवू. 'मशीन काढल्यावर येतो' असं तुम्ही लिहिलंय, पण मशीन असताना अजिबातच नसतो का, हे तपासा. सकाळी घर शांत असताना खोलीत एकट्या बसा, मशीन चालू. घूंऽऽ असा बारीक, सतत आवाज येतो का? येत असेल तर केसांखालच्या लोहचुंबकावरून कॉइल, म्हणजे डोक्याला चिकटणारी ती गोल चकती, हलकेच उचला. त्याच क्षणी, दिवा मालवावा तसा, तो आवाज बंद झाला तर तो मशीनमधून येत होता. कॉइल उचलूनही तसाच राहिला किंवा वाढला तर तो कर्णनाद. ही दोन दुखणी वेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे श्रवणतज्ज्ञाच्या, संगणकावर असतं, आणि ते बहुतेकदा सापडतं: मॅपिंगमध्ये (म्हणजे मशीन तुमच्या कानाला जुळवताना) प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी (आतल्या कानात नसेला विजेचे संदेश देणारे बारीक ठिपके) जी खालची पातळी ठेवतात, ज्याला आम्ही टी लेव्हल म्हणतो, ती गरजेपेक्षा वर गेली तर खोली शांत असली तरी पेशंटला घूं ऐकू येत राहतं. मायक्रोफोनच्या जाळीत घाम किंवा धूळ शिरली तरी खरखर होते. तुमच्याकडच्या पावसाळ्यात हे फार. मशीन रात्री सिलिका जेलच्या सुकवणीच्या डब्यात ठेवता ना? नुसती डबी असेल तर बदला.

माझ्याकडे एक काका चार महिने 'कर्णनादाची' औषधं खाऊन आले होते. बघितलं तर दोन इलेक्ट्रोडच्या टी लेव्हल चढलेल्या. उतरवल्या, काकांनी मान वर केली, म्हणाले, "अरे, बंद झालं की!" चार महिने त्यांना कुणी कॉइल उचलून बघायला सांगितलं नव्हतं. आधी त्यांनी ज्यांना दाखवलं होतं त्यांनीही नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या पहिल्या भेटीत मीही नाही.

तुमच्या वर्णनावरून मात्र तुमचा कर्णनादच वाटतो. पण वाटणं वेगळं आणि तपासणं वेगळं.

पेटीवरच्या प्रार्थनेचंही आताच बोलते, कारण माझ्या अंदाजाने तुम्हाला सगळ्यात जास्त भीती त्याची बसली आहे. बाई, हे वेड नाही. ऐकू येणं खूप कमी झालेल्या माणसांना ओळखीचं गाणं, आरती, बँडची धून ऐकू येणं हे आम्हाला नवीन नाही. मेंदूला बाहेरून काही मिळेना की तो आपल्या कपाटातलं जुनं काढून वाजवतो. आणि तुम्ही तीसेक वर्षं रोज सकाळी जी प्रार्थना ऐकली, ती सगळ्यात वरच्या फळीवर असणार. तुम्हाला कळतंय की ती खरी वाजत नाहीये, तेवढं पुरे आहे. आवाज बोलायला लागले, तुमच्याशी संवाद करायला लागले, हुकूम सोडायला लागले, किंवा ते खरेच आहेत असं वाटू लागलं, तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे. नुसत्या प्रार्थनेसाठी नाही. आणि घरात सांगा. निदान सुनेला तरी. ती तुमच्यासाठी मोबाइलवर वाचत बसते, म्हणजे काळजी आहे.

मोजता येतो का? येतो, पण तापासारखा नाही. ऐकू येणाऱ्या माणसाला आम्ही हेडफोन लावून वेगवेगळे सूर ऐकवतो आणि 'तुमचा आवाज यातल्या कशासारखा?' असं विचारत जातो. तुमच्या उजव्या कानावर नुसता हेडफोन लावून काहीच होणार नाही. तिथे सूर पोचवायचा तर इम्प्लांटच्या इलेक्ट्रोडमधूनच. आतल्या कानातल्या, गोगलगाईच्या शंखासारख्या अवयवात बुडाकडे उंच पट्टीचे सूर आणि शेंड्याकडे खर्जातले अशी मांडणी असते, आणि कंपनीप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोड त्यात ओळीने बसलेले असतात. एकेक इलेक्ट्रोड चालवून तुमची शिट्टी कुणाच्या शेजारी बसते ते साधारण कळू शकतं. पण सगळीकडे ही तपासणी करत नाहीत, आणि नाही केली तरी फारसं अडत नाही. कारण आवाज किती मोठा आहे यावरून त्याचा त्रास किती हे ठरत नाही. बारीकशा आवाजाने हैराण झालेली माणसं मी पाहिलीत आणि 'भोंगा वाजतो हो, पण वाजू दे' म्हणणारीही.

म्हणून खरी मोजणी प्रश्नावलीने होते. सगळ्यात जास्त वापरली जाते ती टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी, १९९६ सालची. २५ प्रश्न: आवाजामुळे लक्ष लागत नाही का, चिडचिड होते का, झोप लागत नाही का, असे. 'हो'ला ४ गुण, 'कधी कधी'ला २, 'नाही'ला शून्य. शंभरापैकी १६ पर्यंत किरकोळ, ३६ पर्यंत सौम्य, ५६ पर्यंत मध्यम, ७६ पर्यंत तीव्र आणि त्यावर अतितीव्र. इथे जास्त मार्क म्हणजे नापास, एवढं लक्षात ठेवा. दुसरी टिनिटस फंक्शनल इंडेक्स, २०१२ची. तिच्यातही २५ प्रश्न, पण प्रत्येकाला शून्य ते दहा. उपचारांनी फरक पडतोय का हे बघायला ती बरी; अंतिम गुण शंभरापैकी असतात, ते आधीपेक्षा १३च्या आसपास कमी झाले तर अर्थपूर्ण सुधारणा धरतात.

पण या दोन्हींत तुमच्यासारख्यांसाठी एक फसगत आहे, आणि तपासणारा घाईत असेल तर ती त्याच्या लक्षात येत नाही. 'आवाजामुळे लोकांचं बोलणं समजायला त्रास होतो का' असा प्रश्न आला की इम्प्लांटवाली व्यक्ती झटकन 'हो' म्हणते. खरं तर तो त्रास बहिरेपणाचा असतो, कर्णनादाचा नाही. गुण फुगतात. दुसरं म्हणजे प्रश्नावलीत 'मशीन लावून की काढून' हे लिहिलेलंच नसतं. तुमचं दिवसाचं उत्तर एक आणि रात्रीचं दुसरं. म्हणून मी ती दोनदा भरून घेते, एकदा मशीन असतानाचा विचार करून, एकदा नसतानाचा. तुमच्या ऑडिओलॉजिस्टनी तसं केलं नाही तर तुम्हीच सुचवा. आणि प्रश्न समजावून देणारं माणूस समोर बसून, ओठ दिसतील असं बोलणारं हवं. बाहेरच्या बाकड्यावर कागद हातात देऊन भरून घेतलेली प्रश्नावली मी तरी धरत नाही.

त्याआधी घरी एक काम करा. तुम्हाला वहीची सवय आहे, तेव्हा शंभर पानी वही काढा आणि दोन आठवडे लिहा. सकाळी मशीन किती वाजता लावलं, रात्री किती वाजता काढलं, आवाज किती मिनिटांनी सुरू झाला, झोप साधारण कधी लागली. आणि दोन आकडे शून्य ते दहामध्ये, वेगवेगळ्या रकान्यांत: आवाज किती मोठा, आणि त्याचा जाच किती. हे दोन्ही एकत्र करू नका. सुधारणा होते तेव्हा पहिल्यांदा बहुतेक दुसरा आकडा उतरतो, पहिला तसाच राहतो. वेगवेगळे लिहिले नाहीत तर 'काहीच फरक नाही' असं वाटत राहतं. शेजारी दिवसभरातलं काही विशेष असेल तर तेही: लग्नाला गेले, दिवसभर गोंगाट, थकले, तिघांशी एकदम बोलावं लागलं, दुपारी दोन तास झोपले. दोन आठवड्यांच्या वर मात्र लिहू नका. रोज आवाज मोजत बसणं हेही त्याला खतपाणीच. आणि घड्याळ बघायला रात्री उठू नका, सकाळी अंदाजाने लिहा.

ती वही घेऊन मॅपिंगला जा. दिवसाला किती तास मशीन लावलं याची नोंद मशीनमध्येही होत असते, ती काढून बघायला सांगा. इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तपासायला सांगा. जागेपणी सगळा वेळ मशीन असलंच पाहिजे, घरी कुणी नाही म्हणून काढून ठेवायचं नाही. दुपारी स्वयंपाकघर आवरताना भांड्यांचा आवाज नको म्हणून काढून ठेवणाऱ्या कितीतरी बायका मला माहीत आहेत. दिवसा जेवढा उपाशी ठेवाल तेवढा मेंदू रात्री ओरडतो.

आता रात्र. तुमची खरी अडचण अशी की नऊ-साडेनऊपर्यंत टीव्ही, नातू, भांडी, आणि मग एका झटक्यात शून्य. भरधाव बसने वेग हळूहळू कमी न करता एकदम ब्रेक दाबला तर काय होतं? तसंच. शेवटचा अर्धा-पाऊण तास आवाज कमी कमी करत न्या. टीव्ही बंद, मशीन लावलेलंच, खोलीत पंखा. आता मशीन आहे, पंखा ऐकू येईल, सुनेचा सल्ला इथे कामाचा! किंवा मोबाइलवरून थेट मशीनमध्ये पावसाचा, नदीचा आवाज सोडता येतो का ते विचारून घ्या. नव्या बऱ्याच मशीनमध्ये ती सोय असते. आवाज कर्णनादाला पूर्ण झाकेल एवढा मोठा नको, त्याच्याबरोबर शेजारी बसेल एवढाच. मी गाणी सुचवत नाही, शब्द आले की मन अर्थ लावत बसतं. डोळे मिटायला लागले की मशीन काढा. अंथरुणात पडून दोन तास वाट बघण्यापेक्षा झोपेच्या दारात पोचल्यावर काढायचं. तुमची ती पाच मिनिटं आठवा. झोप त्या पाच मिनिटांत गाठायची आहे. रोज जमणार नाही, आठवड्यात तीनदा जमलं तरी खूप.

काही जण मशीन लावूनच झोपतात. मी ते सरसकट सांगत नाही. चुंबकाच्या जागी कातडी दबून लाल होते, कुशीवर कॉइल निसटते, बॅटरी संपते, आणि मशीनला सुकायला रात्र मिळत नाही. पण तुमच्या केंद्राने हरकत नाही म्हटलं तर थोडे दिवस, खालच्या आवाजाचा वेगळा प्रोग्रॅम बनवून घेऊन, डाव्या कुशीवर झोपून बघायला हरकत नाही. त्या काळात सकाळी आंघोळीच्या वेळी मशीन सुकायला ठेवा. कातडी लाल दिसली तर बंद करून डॉक्टरांना दाखवा.

मशीन काढल्यावर अंधार गुडुप करू नका. ऐकू नाही आणि दिसतही नाही म्हटल्यावर लक्ष जाणार कुठे, आतल्या शिट्टीकडेच. झिरोचा बल्ब असू द्या. शवासन येतं का? पायाच्या बोटांपासून एकेक भाग आधी ताणायचा, मग सैल सोडायचा. यात एक गंमत आहे: असे सगळे शिथिलीकरणाचे पाठ मोबाइलवर आवाजात असतात, म्हणजे ते ऐकायला मशीन हवं. तेव्हा दिवसा मशीन लावून शिका, पाठ करा, आणि रात्री स्मरणाने करा. पाठांतराचं तुम्हाला मी काय सांगू! वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर अंथरुणात तळमळू नका. उठा, दुसऱ्या खोलीत बसून शेंगा सोला, वाती वळा, हाताला काम असं काहीतरी. झोप आली की परत. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, रात्र कशीही गेली तरी.

आणखी एक विचारते, तुम्ही लिहिलेलं नाही पण मला ते नेहमी सापडतं. मशीन काढल्यावर 'कुणी हाक मारली तर, गॅस उघडा राहिला तर, दार वाजलं तर' अशी धास्ती असते का? धास्तीतला मेंदू पहाऱ्यावर असतो, आणि पहारेकरी प्रत्येक आवाज टिपतो, आतलासुद्धा. उशीखाली ठेवायचं थरथरणारं गजराचं घड्याळ मिळतं, दाराची बेल वाजली की दिवा लुकलुकेल अशी सोय गावातला वायरमनही करून देईल. यजमान किंवा सून रात्री उठवायला आली तर खांद्याला कसा हात लावायचा तेही ठरवून ठेवा. किरकोळ वाटतं, पण यानेच झोपायला लागलेल्या बायका मी पाहिल्यात.

मुलाचं 'लक्ष देऊ नकोस'. औषध पिताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट त्याला तुम्हीच कधीतरी सांगितली असेल. बिचाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण आज्ञा करून लक्ष हटत नाही. आवाज धोक्याचा नाही अशी खात्री पटली की मेंदू तो हळूहळू मागे टाकतो, जसा घरातल्या फ्रिजचा आवाज घरच्यांना जाणवेनासा होतो. तुमच्या डोक्यात मात्र शिट्टी सुरू झाली की लगेच 'ऑपरेशन फसलं, एवढे पैसे पाण्यात, आता मुलाला काय तोंड दाखवू' ही आगगाडी सुटते. तुमचं सगळं पत्र त्याच रुळावर आहे. या आगगाडीवर काम करण्याची पद्धत म्हणजे सीबीटी, विचार आणि वागणूक यांवरची समुपदेशनाची पद्धत. कर्णनादाच्या जाचावर आजवर सगळ्यात भक्कम पुरावा याच उपायाच्या बाजूने आहे. आवाज घालवण्याचा दावा ती करत नाही, त्याचा जाच उतरवते. समुपदेशक मराठी बोलणारे, समोरासमोर बसणारे आणि तुम्ही इम्प्लांटवाल्या आहात हे समजून हळू बोलणारे निवडा. फोनवरचं समुपदेशन निदान सुरुवातीला नको. आणि एखाद्या रात्री जगणंच नकोसं वाटलं तर सकाळची वाट न बघता घरच्यांना उठवा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर चोवीस तास आहे, तुम्हाला फोन अवघड वाटला तर सुनेला लावायला सांगा.

गोळ्यांबद्दल. बीटाहिस्टिन हे मेनिएर नावाच्या आतल्या कानाच्या आजारातल्या चकरांसाठी वापरतात. चक्कर नसताना नुसत्या कर्णनादासाठी ते देऊ नये, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय. जिंको, झिंक, मेलाटोनिन यांचीही शिफारस अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली कर्णनादासाठी केलेली नाही. गावातल्या डॉक्टरांशी भांडू नका, फक्त विचारा: मला चक्कर नाही, मग ही किती दिवस घ्यायची? बाकी रक्तदाबाची वगैरे औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. लसणाचं तेल वहिनींच्या आमटीला द्या. शिट्टी जिथे तयार होते तिथे ते तेल पोचत नाही, कान मात्र चिघळू शकतो.

हा पुढचा परिच्छेद मुलाला वाचायला द्या. कर्णनादावर 'मॅग्नेटिक थेरपी'च्या जाहिराती येतात. कवटीबाहेरून चुंबकीय झटके देण्याची एक खरीखुरी उपचारपद्धतीही आहे. इम्प्लांट असलेल्या माणसाने ती घ्यायची नाही. मानदुखीसाठी फिजिओथेरपीत देतात तो डायाथर्मीचा शेकही डोक्या-मानेजवळ नाही. एमआरआय सांगितला तर आधी इम्प्लांटचं कार्ड दाखवायचं. कार्ड पर्समध्येच ठेवा, कपाटात नको.

काही गोष्टी घडल्या तर मात्र वही-बिही बाजूला ठेवून लगेच सर्जनकडे जायचं: आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक येऊ लागला, मशीन चालू असून एकाएकी कमी ऐकू यायला लागलं किंवा डाव्या कानाचं उरलंसुरलं ऐकणं गेलं, चक्कर येऊन घर फिरायला लागलं, मशीन लावल्यावर गाल किंवा पापणी उडायला लागली, कानामागे सूज, लाली, दुखणं. ताप आणि मान आखडणं एकत्र आलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल. इम्प्लांटवाल्यांना मेंदूज्वराचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो, त्याच्या लशी झाल्यात का तेही विचारून घ्या.

राहिला डावा कान. कर्णनादासाठी इम्प्लांट ही कल्पना वेडगळ नाही. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या डॉक्टरांनी एका कानाने ठार बहिऱ्या आणि त्याच कानातल्या कर्णनादाने जेरीस आलेल्या लोकांना इम्प्लांट बसवले, आणि २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत आवाजाचा जाच बराच उतरलेला दिसला. पण त्यातही फायदा मुख्यतः मशीन चालू असतानाच. तुमची अडचण मशीन बंद असतानाची. दुसरं मशीनही रात्री डबीतच जाणार! दुसऱ्या इम्प्लांटचा निर्णय ऐकण्यासाठी घ्यायचा, गर्दीत बोलणं कळावं, आवाज कुठून आला ते कळावं म्हणून. नुसत्या रात्रीच्या शिट्टीसाठी एवढा खर्च आणि पुन्हा भूल मी सुचवणार नाही, निदान वरचं सगळं सहा महिने करून बघितल्याशिवाय तरी नाही.

त्यापेक्षा डाव्या कानाचं जुनं श्रवणयंत्र कुठे आहे? कपाटात, बहुतेक मृत बॅटरीसकट. ते काढा आणि मॅपिंगला जाताना बरोबर न्या. त्या कानात थोडं जरी ऐकणं शिल्लक असेल तर यंत्र नव्याने जुळवून उजव्या कानाच्या जोडीला दिवसभर लावता येतं. त्या कानाच्या मेंदूकडच्या वाटेलाही मग काहीतरी मजकूर मिळतो. आणि कोण जाणे, मशीन काढल्यानंतर झोप येईपर्यंत सुनेचा पंखा त्या कानाने ऐकताही येईल. कान तपासल्याशिवाय मी शब्द देत नाही.

दोन आठवड्यांची वही भरली की आकडे पाठवा. आणि पेटीवर कुठली प्रार्थना वाजते तेही लिहा, मला उत्सुकता आहे.